ग्नोम वेब: ब्राउझर झकास, नाव मात्र गूगलवर शोधून दाखवा

लिनक्सवर काम करताय, मॅक घ्यायचा विचार नाही, आणि क्लायंट मात्र साइट आयफोनवरच उघडून बघतो, अशा वेब डेव्हलपर मंडळींसाठी ग्नोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, म्हणजे मेनू, खिडक्या वगैरे) वाल्यांचा ग्नोम वेब हा ब्राउझर म्हणजे मोठी सोय आहे. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरचं इंजिन (साइट स्क्रीनवर मांडणारा आतला भाग) वेबकिट आणि याचंही वेबकिटच, त्यामुळे सफारीत जे लेआउट गंडणार ते बऱ्याचदा आधी इथेच गंडलेलं दिसतं. डिट्टो सफारी नाहीये हां, शेवटी खऱ्या आयफोनवर बघावंच लागतं, पण अर्धी डोकेदुखी आधीच कमी होते.

बाकीही मस्त आहे. दिसायला एकदम सुटसुटीत, वर एक पट्टी आणि खाली साइट, बस. ॲड ब्लॉकर आतच आहे, वेगळं काही टाकायला नको. एखादी साइट वेब ॲप म्हणून टाकता येते, मग ती मेनूत वेगळ्या आयकॉनसकट दिसते आणि स्वतःच्या खिडकीत उघडते, मी ईमेल तसाच ठेवलाय आणि आता टॅबच्या गर्दीत शोधत बसावं लागत नाही. फायरफॉक्सचं अकाउंट जोडून बुकमार्क सिंक होतात. नेटफ्लिक्ससारखं डीआरएमवालं (कॉपी होऊ नये म्हणून कुलूप लावलेलं) काही बघायचं असेल तर मात्र दुसरा ब्राउझर ठेवा, इथे ते जमणार नाही.

आता नावाकडे येऊ, कारण खरं रडगाणं तिथेच आहे. ब्राउझरचं नाव काय, तर वेब! म्हणजे 'वेब स्लो चालतंय' किंवा 'वेबमध्ये फॉन्ट कसा बदलायचा' असं गूगलवर टाकून बघा, अख्ख्या इंटरनेटवर जे काही आहे ते सगळं वेबच आहे, त्यात तुमचा ब्राउझर कुठून सापडणार. मागे 'ग्नोम' लावलं तर थोडं बरं, पण मग ग्नोमच्या वेबसाइटबद्दलची पानंही त्यातच येतात.

गंमत म्हणजे याला आधी चांगलं नाव होतं, एपिफनी. 2002 पासूनचा प्रोजेक्ट आहे हा, आणि 2012 मध्ये ग्नोम 3.4 आलं तेव्हा नाव बदलून वेब केलं. पण बदललं ते फक्त स्क्रीनवर. टर्मिनलमधली कमांड एपिफनी, सेटिंगचा फोल्डर एपिफनी, सोर्स कोड जिथे ठेवलाय त्या प्रोजेक्टचं नावही एपिफनीच. म्हणजे बारशाला एक नाव ठेवलंय आणि घरात सगळे दुसऱ्याच नावाने हाक मारतायत. ज्याला हे माहितीय तो 'एपिफनी' टाकून पाच मिनिटांत उत्तर काढतो, ज्याला माहीत नाही तो बिचारा बसतो स्क्रोल करत.

आणि एपिफनी तरी कुठे धड सुटं होतं? डेबियनमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) त्याच नावाचा एक गेम आधीपासून होता, बोल्डर डॅशच्या धर्तीवरचा, दगड चुकवत हिरे गोळा करायचे टाइप. म्हणून ब्राउझरच्या पॅकेजला (ज्या नावाने तो इन्स्टॉल करायचा) 'एपिफनी-ब्राउझर' (epiphany-browser) असं शेपूट लावावं लागलं. टाकताना हे शेपूट विसरू नका.

ग्नोमवाल्यांनी फक्त इथेच नाही, सगळीकडे हेच केलंय. फाइल मॅनेजर नॉटिलसचं फाइल्स झालं, व्हिडिओ प्लेअर टोटेमचं व्हिडिओज. त्यामागचा विचार मला पटतो खरं तर. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू (हेही लिनक्सच) टाकून दिलं तेव्हा 'फाइल्स' कुठे आहे हे मला एकदाही सांगावं लागलं नाही, नॉटिलस असतं तर त्यांनी विचारलंच असतं की बाबा हे काय नवीन. पण काका मदत शोधायला गूगलवर जात नाहीत, मला फोन करतात. जो गूगलवर जातो त्याचे हाल. मेनूत सोपं नाव दाखवा ना, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात खरं नाव पण लिहा, काय बिघडतं?

हा रोग एकट्या ग्नोमचा नाही म्हणा. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये मॅकवरच्या रिमोट डेस्कटॉपचं (दुसरा कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप) नाव 'विंडोज ॲप' केलं, आता 'विंडोज ॲप उघडत नाही' असं सर्च केल्यावर काय काय येईल याचा विचार करा. आणि 2009 ला गूगलनेच, म्हणजे ज्यांचं पोट सर्चवर चालतं त्यांनीच, प्रोग्रामिंग लँग्वेजचं नाव ठेवलं 'गो'! शेवटी लोकांनीच त्याला गोलँग करून टाकलं, कारण साइटचा पत्ता तसा होता आणि शोधायला तोच कामाला आला.

उलट केडीईवाल्यांच्या (ग्नोमसारखाच लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप) ॲप्सची नावं बघा, ओक्युलर, क्रिटा, केडेनलाइव्ह. केडेनलाइव्ह म्हणताना जीभ वळत नाही, पण सर्चला टाका, पहिल्या पानावर दुसरं काही येतच नाही. त्यांचाही डॉल्फिन फसलाय, फाइल मॅनेजर शोधायला जावं तर त्याच नावाचा गेमक्यूबचा एम्युलेटर (त्या जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा) समोर येतो, प्राणी वेगळाच.

एक मित्र हिशोबाचं ॲप काढतोय, नाव ठेवायचं म्हणत होता 'वही'. ऐकायला गोड आहे, पण लोक टाइप करणार इंग्रजी अक्षरांत, मग व्ही लावणार की डब्ल्यू, आय की डबल ई, आणि देवनागरीत टाकलं तर शाळेच्या वह्यांची दुकानं येणार. त्याला म्हटलं पुढे काहीतरी जोड, किंवा सरळ बनवलेला शब्द घे, आणि ठेवायच्या आधी त्या नावापुढे 'चालत नाही' लिहून सर्च करून बघ, वर कोण येतंय ते. तो अजून 'वही'वरच अडून आहे.

तर रेटिंग. ब्राउझर म्हणून चार स्टार, एक कापला डीआरएमसाठी. नावाला एक, तोही काकांकडून. उबंटू किंवा डेबियनवर असाल तर एपिफनी-ब्राउझर या नावाने टाका, फ्लॅटहबवर (लिनक्स ॲप्सचं ऑनलाइन स्टोअर) पण आहे, आणि काही अडलं तर शोधताना 'वेब' हा शब्द लिहूच नका.