झोन वनमधलं पर्ज पॅनेल: लोटे एमआयडीसीतल्या पावसाळ्यासकट वापरून झाल्यावरचं मत

सॉल्व्हेंटच्या वाफा असणाऱ्या जागेत टचस्क्रीन आणि पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) ठेवायची वेळ आली असेल, तर पर्ज-प्रेशरायझेशनचं, म्हणजे आतली हवा धुऊन काढून दाब राखणारं पॅनेल जरूर घ्या. आमच्याकडे ते उत्तम चाललंय आणि पुढच्या सेंट्रिफ्यूजलाही (गरगर फिरवून घन आणि द्रव वेगळं करणारं यंत्र) मी तेच मागणार आहे. फक्त विक्रेता ‘सर्टिफिकेट आहे मॅडम’ म्हणाला की ते कशाचं आहे हे विचारा. हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच आहे.

मी लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्स बघते. पुरवठादारांची नावं बाहेर द्यायची नाहीत असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून ब्रँड लिहीत नाही. युनिट मात्र आता बाजारात तीन-चार जण विकतात त्याच जातीचं आहे: झोनमध्ये, म्हणजे स्फोटाचा धोका असलेल्या भागात चालणारा कंट्रोलर, हवेचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), बाहेर जाणाऱ्या हवेवर फ्लो सेन्सर, रिलीफ व्हेंटवर स्पार्क अरेस्टर आणि दारावर हिरवा-लाल दिवा.

जागा सेंट्रिफ्यूजची. ओला केक, म्हणजे द्रव काढल्यावर उरलेला घन पदार्थ, टोल्युइन या सॉल्व्हेंटने धुतला जातो. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, जमिनीलगत पसरते, आणि हवेत एक टक्क्याच्या थोडं वर गेली की पेट घेऊ शकते. सेंट्रिफ्यूजला नायट्रोजन ब्लँकेटिंग (आत हवेऐवजी नायट्रोजन भरून ठेवणं) आहे, पण झाकण उघडून केक काढताना वाफ बाहेर येणारच. धोक्याच्या जागांचं वर्गीकरण करणाऱ्या आयएस ५५७२ या मानकाप्रमाणे केलेल्या आमच्या नकाशात तो भाग झोन वन आहे, म्हणजे नेहमीच्या कामातही ज्वलनशील वाफ अधूनमधून असू शकते अशी जागा.

आधी तिथे फ्लेमप्रूफ पेटी होती. फ्लेमप्रूफबद्दल मला आदर आहे. आत स्फोट झाला तरी पेटी तो सोसते, आणि जोडाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना ज्योत इतकी निवते की बाहेरची वाफ पेटत नाही. पण पेटी अवाढव्य जड, दाराला चहूबाजूंनी बोल्ट, आणि एक फ्यूज बदलायचा तर अर्धी शिफ्ट जाते. एखादा बोल्ट लावायचा राहिला किंवा फ्लेमपाथवर, म्हणजे त्या फटीच्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की संरक्षण संपलं. जास्तीची केबल आणायला स्वतःच्या मनाने भोक पाडलं तर मंजुरी बाद. आणि त्यात स्क्रीन हवा असेल तर जाड काचेमागे, बोटाने चालवताच येत नाही.

पर्ज पॅनेलचा विचारच उलटा आहे. आतली वस्तू साधी ठेवायची आणि बाहेरच्या वाफेला आत शिरू द्यायचं नाही. स्वच्छ हवा आत सोडून बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राखायचा. हा दाब किती? आयईसी ६००७९-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आमच्या प्रकाराला, म्हणजे पीएक्सबीला, किमान ५० पास्कल. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर जेमतेम ५ मिलिमीटर. झोन टूसाठीच्या (जिथे वाफ क्वचितच येते) पीझेडसी प्रकाराला २५ पास्कलही चालतात. एवढ्याशा दाबावर सगळा भरवसा असल्यामुळे तो गेला की पीएक्सबीमध्ये वीज आपोआप तुटलीच पाहिजे, नुसता अलार्म देऊन भागत नाही.

दाब धरण्याआधी आत आधीच शिरलेली वाफ धुऊन काढायची असते. आमची पेटी ८०० बाय ६०० बाय ३०० मिलिमीटर, म्हणजे १४४ लिटर. अमेरिकेचं एनएफपीए ४९६ हे मानक पेटीच्या किमान चारपट हवा सोडायला सांगतं, मोटर असेल तर दहापट. आम्ही पाचपट धरली: ७२० लिटर, मिनिटाला ६० लिटरने १२ मिनिटं. आतल्या सामानाने व्यापलेली जागा वजा करायची नाही, रिकामी पेटी धरूनच हिशोब करायचा. बारा मिनिटं ऑपरेटरला फार वाटतात. ‘मॅडम, हिरवा पेटल्याशिवाय काहीच नाही करता येत का?’ असं सुरुवातीला प्रत्येक शिफ्टमध्ये विचारलं गेलं. नाही, काहीच नाही करता येत, आणि हेच या युनिटचं सगळ्यात चांगलं अंग आहे. बाहेर पडणाऱ्या हवेचा फ्लो मध्येच कमी झाला तर टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. स्वस्तातल्या काही युनिटमध्ये नुसता टायमर असतो. हवा खरंच पेटीतून फिरून बाहेर पडली का, हे तो बघत नाही. झोन वनसाठी तसलं युनिट दारातही उभं करू नका.

आता सर्टिफिकेटचं. आम्हाला कोटेशनसोबत आलेला कागद पर्ज कंट्रोलरचा होता. कंट्रोलर झोन वनला चालतो, एवढंच त्यात होतं. पण कंट्रोलर, पेटी, काच, गास्केट, ग्लँड (केबल आत घेण्याचं सीलबंद तोंड), आतली मांडणी हे सगळं मिळून जे पॅनेल तयार होतं, त्याचं काय? विचारल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. टचस्क्रीन दारात बसवला की त्याची पुढची काच झोनमध्येच उघडी असते, आणि ती काच पेटीची भिंत होते. तिला धक्का सोसता आला पाहिजे, तिच्या कडेचं सील दाब धरून राहिलं पाहिजे. हे तपासलेलं नसेल तर कंट्रोलरचा कागद फ्रेम करून लावला तरी उपयोग नाही. आम्ही पूर्ण जोडणीचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत पर्चेस ऑर्डर थांबवली. पेट्रोलियम नियम, २००२ ज्या जागेला लागू होतात तिथे नागपूरच्या पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यताही बघावी लागते, आणि ‘डिश’चे (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याचे) अधिकारी तपासणीला आले की हेच कागद मागतात. ऑर्डर देण्याआधी मागितलेला कागद मिळतो. पैसे दिल्यावर मागितलेला कागद मिळवायला वर्ष जातं.

यापुढचा मुद्दा इलेक्ट्रिकलवाल्यांनी नीट वाचावा. पॅनेल बघायला आम्ही पुरवठादाराच्या शेडमध्ये गेलो होतो. पर्ज पूर्ण झालं, हिरवा दिवा लागला, स्क्रीन चालू. मी त्यांच्या माणसाला हवेचा रेग्युलेटर बंद करायला सांगितला. दाब उतरला, लाल दिवा लागला, कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा स्विच) पडल्याचा आवाज आला आणि स्क्रीन लख्ख चालूच राहिला. आत छोटा डीसी यूपीएस बसवला होता. मेन सप्लाय तुटला, बॅटरीचा सप्लाय तुटला नाही. म्हणजे वाफ आत शिरायला मोकळी आणि आत २४ व्होल्टची जिवंत वायरिंग. ते म्हणाले, ‘फक्त चोवीस व्होल्टच आहे ना.’ टोल्युइनच्या वाफेला पेटायला एका मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर त्याच्या कितीतरी पट ऊर्जा तयार असते. यूपीएस आम्ही सेफ एरियातल्या कंट्रोल रूममध्ये हलवायला लावला आणि त्याचं आउटपुटही पर्जच्या ट्रिपमधून घेतलं. दुसऱ्या पॅनेलमधून येणारे सिग्नलही तसेच. वजनकाट्याच्या पॅनेलकडून येणारा व्होल्टेज आपला एमसीबी पाडून मरत नाही. तोही त्याच ट्रिपमध्ये तोडा, नाहीतर इन्ट्रिन्सिकली सेफ बॅरियरमधून, म्हणजे पेटवण्याइतकी ऊर्जा पुढे जाऊच न देणाऱ्या उपकरणातून आणा. ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक टर्मिनलला विचारा: दाब गेल्यावर तू मेलेला असशील का? हे पुरवठादार आपणहून करेल असं धरून चालू नका. आमच्याने सांगितल्यावर केलं, आणि चांगलं केलं, हेही नमूद करते.

हवा कुठली घ्यायची यावर आमच्या प्रॉडक्शनशी बराच वाद झाला. सेंट्रिफ्यूजजवळ नायट्रोजनची लाइन आहेच, तीच द्या, असं त्यांचं म्हणणं. मी ठाम नाही म्हटलं. पेटीतून सतत थोडी गळती होत असते, खोली बंदिस्त आहे, आणि दार उघडून डोकं आत घालणारा माझा टेक्निशियन असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस पडतो. आत विश्लेषक यंत्र असेल, म्हणजे पेटीच्या आतच ज्वलनशील वायू फिरत असेल, तर निष्क्रिय वायू लागू शकतो. आमच्या पॅनेलमध्ये तसलं काही नाही. इन्स्ट्रुमेंट एअरच, म्हणजे उपकरणांसाठीची कॉम्प्रेस्ड हवाच घेतली. कॉम्प्रेसरचं सक्शन मात्र सेफ एरियात असलं पाहिजे, नाहीतर बाहेरची वाफ आपणच दाबून पेटीत भरू.

पर्जिंग संपलं की नुसती गळती भरून काढावी लागते. आमच्याकडे ती मिनिटाला २० लिटरच्या आसपास आहे, म्हणजे कॉम्प्रेसरवर दिवसाला साधारण तीन-साडेतीन युनिट वीज. परवडतं. खरी चिंता हवा जाण्याची होती. लाइट गेली, कॉम्प्रेसर बसला, दाब उतरला आणि बॅच अर्ध्यावर ट्रिप झाली, की प्रॉडक्शनवाले बायपासची (ट्रिप टाळून पॅनेल चालू ठेवण्याची) किल्ली मागायला येतात. म्हणून या पॅनेलसाठी वेगळा ५०० लिटरचा रिसीव्हर (हवेची टाकी) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घेतला. ६ बारवरून २ बारपर्यंत उतरेपर्यंत तो २,००० लिटर हवा देतो, म्हणजे शंभर मिनिटं. तेवढ्यात जनरेटरवर कॉम्प्रेसर येतोच. रिसीव्हर बसल्यापासून बायपासची किल्ली मागायला कोणी आलेलं नाही. किल्ली माझ्या कपाटात आहे आणि गॅस टेस्ट करून काढलेल्या परमिटशिवाय ती बाहेर येत नाही.

कोकणातल्या पावसाळ्याचा विचार या युनिटच्या डिझाइनमध्ये नीटसा झालेला नाही. आमचा जुना ड्रायर रेफ्रिजरेशनचा होता, त्याचा ड्यू पॉइंट (हवेतलं पाणी सुटू लागतं ते तापमान) लाइनच्या दाबाला ३ अंशांच्या खाली जात नाही. या लाइनवर ओलावा शोषणारा डेसिकंट ड्रायर टाकला, तेव्हा कुठे रेग्युलेटरच्या बाऊलमध्ये पाणी दिसायचं थांबलं. युनिटसोबत आलेला फिल्टर हाताने ड्रेन करायचा होता. ऑटो-ड्रेनचा आम्ही लावला.

आणि कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी! सुरुवातीला काही दिवस पॅनेल दुपारी ऊन चढल्यावर उगाच ट्रिप व्हायचं. हवा ठीक, गास्केट ठीक, गळती तेवढीच. शेवटी आमच्या फिटरने प्रेशर स्विचचं रेफरन्स पोर्ट उघडलं. बाहेरच्या हवेचा दाब वाचण्यासाठी असलेलं पेन्सिलच्या टोकाएवढं भोक, आणि त्यात मातीचं घट्ट बूच. कुंभारणीने घर केलं होतं, आत अळीसाठी आणून ठेवलेला हिरवा किडासुद्धा होता. आता यात धोका काय ते बघा. कोंडलेली हवा एका अंशाने तापली तरी तिचा दाब ३०० पास्कलहून जास्त वाढतो. आपली मर्यादा ५० पास्कलची. दुपारी पोर्टमधली हवा तापली की स्विचला पेटीतला दाब कमी वाटतो आणि ट्रिप होते. यात नुकसान फक्त बॅचचं. पण संध्याकाळी ती हवा गार झाली की स्विचला दाब भरपूर वाटतो, पेटीत तो नसला तरी. रात्रपाळीला दार उघडं असतं तरी हिरवा दिवा तसाच राहिला असता. पुरवठादाराला फोटो पाठवले. त्यांनी पोर्टवर बसणारी बारीक जाळीची पितळी टोपी पाठवली, पैसे घेतले नाहीत, आणि आता नवीन पॅनेलवर ती आधीपासून बसवून देतात असं सांगितलं. या सेवेला माझे पूर्ण गुण. आम्ही दर महिन्याच्या तपासणीत आता दोन गोष्टी घातल्या आहेत: पोर्टमध्ये नजर टाकणं, आणि रेग्युलेटर मुद्दाम बंद करून ट्रिप खरोखर होते का ते बघणं.

तक्रारी अजून आहेत. बझर इतका बारीक की सेंट्रिफ्यूज फिरत असताना तो कुणाला ऐकू जात नाही. आम्ही झोन वनचा हूटर वेगळा लावला. मॅन्युअल फक्त इंग्रजीत. पॅनेल चालवणारी आमची मुलं मराठीत विचार करतात, म्हणून दारावर मराठी पाटी लावली: पेटीत दाब आहे, वीज तोडल्याशिवाय दार उघडू नये. ती पाटी त्यांनीच द्यायला हवी होती. रिलीफ व्हेंटचा स्पेअर यायला फार वेळ लागतो, तेव्हा एक सुरुवातीलाच मागवून ठेवा. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) या पेटीत घालू नका. गळतीपुरती हवा ड्राइव्हची उष्णता वाहून नेऊ शकत नाही. आमचा ड्राइव्ह एमसीसी रूममध्ये, म्हणजे मोटरच्या कंट्रोल पॅनेलांच्या खोलीत आहे.

दोन पुशबटणं आणि एक दिवा एवढंच हवं असेल तर या भानगडीत पडू नका, छोटी फ्लेमप्रूफ पेटी बरी. इन्स्ट्रुमेंट एअर भरवशाची नसेल तर आधी ती सुधारा, पॅनेलची ऑर्डर नंतर. आणि तुमचा सॉल्व्हेंट आमच्यापेक्षा वेगळा असेल तर गॅस ग्रुप (वाफ किती सहज पेटते त्याचा गट) आणि टेंपरेचर क्लास (पृष्ठभाग किती तापू द्यायचा त्याचा वर्ग) त्याचे धरा. टोल्युइन टूए गटात येतं. कार्बन डायसल्फाइड वापरणाऱ्यांचा गट टूसी आणि वर्ग टी सिक्स, म्हणजे बाहेरचा कुठलाही भाग ८५ अंशांवर जाता कामा नये. त्यांनी आमचं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं उचलू नये.