डरहॅमची प्रिन्स-बिशप वॉकिंग टूर: पैसे वसूल, पण अर्धीच गोष्ट

ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅम गावातली ही टूर घ्या, गाइड उत्तम आहे, पण दुसऱ्या अर्ध्या भागात कंपनीने भुताखेतांच्या गोष्टी घुसवल्यात तिथे कान बंद ठेवा, आणि कॅसलची आतली टूर वेगळी बुक करा कारण ती यात नाही. पाच पैकी साडेतीन स्टार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण गावात अशा टूर काढणारे एकापेक्षा जास्त आहेत आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही.

काउंटी डरहॅमच्या हद्दीत शिरताना रस्त्याला बोर्ड दिसतो, लँड ऑफ द प्रिन्स बिशप्स. बहुतेक लोकांना वाटतं टुरिझमवाल्यांनी केलेली जाहिरात आहे. तशी ती आहेच, पण खोटी नाहीये. टाइन आणि टीस या दोन नद्यांच्या मधला मुलूख काही शतकं खरोखर एका बिशपच्या, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मगुरूच्या, हातात होता. नुसतं चर्च नाही हो, कोर्ट त्याचं, शेरीफ त्याचा, टांकसाळ त्याची, कर त्याचा, जंगल त्याचं, लढाईला माणसं गोळा करायची तर तीही तोच करणार. राजाचा हुकूम घेऊन आलेल्या माणसाची इकडे फारशी डाळ शिजत नसे. गुन्हा घडला तर इतर इंग्लंडमध्ये तो राजाची शांतता मोडली म्हणून धरला जायचा, इथे बिशपची शांतता मोडली म्हणून. १०८६ ला विल्यम राजाने सगळ्या देशाची मोजणी करून डूम्सडे बुक तयार केलं त्यात डरहॅम नाहीच.

टूर मार्केट प्लेसपासून सुरू होते, तिथून सॅडलर स्ट्रीटचा चढ, मग ओवनगेटची चिंचोळी गल्ली, आणि एकदम समोर मोकळं पॅलेस ग्रीन. एका बाजूला कॅथीड्रल, दुसऱ्या बाजूला कॅसल, मध्ये हिरवळ. आमचे गाइड म्हणजे इतिहासाचे रिटायर्ड मास्तर, आवाज खणखणीत, आणि विनोद करून झाल्यावर लोक हसतायत का हे न बघता पुढे जाणारे. मला अशी माणसं आवडतात. त्यांनी पहिल्यांदा कॅथीड्रलकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं! सगळे वळून वळून फोटो काढायला बघतायत आणि हे म्हणतायत की ते कुठे पळून जात नाही, आधी ही हिरवळ बघा, कारण इथे पूर्वी घरं होती आणि रॅनल्फ फ्लँबार्ड नावाच्या बिशपने ती सगळी उठवली, त्याला कॅसल आणि चर्चच्या मध्ये मोकळी जागा हवी होती म्हणून. हा फ्लँबार्ड म्हणजे भारी प्रकरण. आधीच्या राजाचा वसुली करणारा उजवा हात, नवा राजा आल्यावर थेट टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद, आणि ११०१ ला तिथून पळाला, वाइनच्या पिंपातून दोरखंड आत मागवला, पहारेकऱ्यांना पाजलं आणि खिडकीतून उतरला. आणि एवढं करून परत बिशप!

पण टूरचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे त्यांनी 'का' सांगितलं. राजाने एका धर्मगुरूला एवढी सत्ता का दिली हा प्रश्न मला कायम पडायचा आणि पाट्यांवर वाचून कधीच कळलं नव्हतं. तर झालं असं की फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांना उत्तर इंग्लंड काही केल्या हाताळता येत नव्हतं. १०६९ ला विल्यमने रॉबर्ट द कोमीन नावाचा अर्ल, म्हणजे मुलूख सांभाळणारा सरदार, पाठवला, तो शेकडो माणसं घेऊन डरहॅममध्ये मुक्कामाला थांबला आणि गावकऱ्यांनी त्याला तिथेच संपवला. त्यानंतर विल्यमने उत्तरेत जी जाळपोळ केली ती पुढे पिढ्यानपिढ्या लोक विसरले नाहीत. १०७२ ला हा कॅसल उभा राहिला. मग वॉल्चर नावाच्या बिशपकडेच अर्लचं कामही आलं, म्हणजे धर्म आणि राज्य एकाच हातात, आणि १०८० ला गेट्सहेडमध्ये जमावाने त्यालाही मारला. तरीही ही कल्पना टिकली, कारण राजाच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. वर स्कॉटलंड, मध्ये कुणीतरी दांडगा माणूस पाहिजे जो लंडनला विचारत न बसता फौज उभी करेल. पण दांडगा अर्ल बसवला की त्याचा मुलगा, मग नातू, असं घराणं तयार होतं आणि तीन पिढ्यांनी तेच डोक्यावर बसतं. बिशपला कायदेशीर वारसच नाही. तो मेला की गादी रिकामी, मधल्या काळाचं उत्पन्न राजाच्या खिशात, आणि पुढचा माणूस निवडताना राजाचा शब्द चालणार. एवढं ऐकल्यावर बाकी सगळा इतिहास आपोआप लागत जातो, खरंच.

आणि या सगळ्याला गोंद कशाचा तर संत कथबर्टचा. तो ६८७ मध्ये वारला, व्हायकिंगांच्या भीतीने लिंडिसफार्न बेटावरच्या मठातले भिक्षू ८७५ ला त्याचा देह घेऊन निघाले आणि फिरत फिरत ९९५ ला या टेकडीवर येऊन स्थिरावले. इथली जमीन ही संताची जमीन, आणि इथले लोक हे संताचे लोक असा पक्का समज होता. बिशप हा कागदोपत्री त्या संताचा कारभारी. म्हणून तर लोक बिशपलाही ऐकवायचे.

आता माझी पहिली तक्रार इथेच. गाइडनी अँटनी बेक रंगवून सांगितला, तो होताच तसा, १२८४ ते १३११ बिशप, घोडे, शिकार, स्वतःची फौज घेऊन राजा एडवर्ड पहिल्याच्या स्कॉटलंडच्या मोहिमेत, वर पोपने दिलेली जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूची, पदवी. त्याचा एक कारभारी म्हणालेला की इंग्लंडमध्ये राजे दोन आहेत, एक मुकुट घालणारा आणि एक डरहॅमचा बिशप जो मुकुटाच्या जागी माइटर (बिशपची उंच टोपी) घालतो. हे वाक्य टूरमध्ये मस्त टाळ्या घेतं. पण हे सांगितलं नाही की त्याच सुमाराला बेकच्या स्वतःच्या प्रजेनेच त्याच्याविरुद्ध राजाकडे तक्रारी नेल्या होत्या. स्कॉटलंडला लढायला चला म्हटल्यावर लोक म्हणाले आम्ही संताची जमीन राखायला बांधलेले आहोत, टाइन आणि टीसच्या बाहेर यायला नाही. एडवर्डने बेकच्या हयातीत त्याचं संस्थान दोनदा जप्त केलं, आणि १३०३ ला बेकला लोकांना हक्कांची सनद लिहून द्यावी लागली. दुसरा राजा म्हणायचं आणि पहिल्या राजाने त्याला दोनदा कसा खाली बसवला हे गाळायचं, म्हणजे मग ती नुसती मिरवणूक झाली.

सामान्य माणसाचं काय, हेही आलंच नाही. ह्यू द पुइझे या बिशपने ११८३ ला आपल्या जमिनींची नोंद करवली, त्याला बोल्डन बुक म्हणतात. डूम्सडेत जे नाही ते थोडंफार यात आहे, आणि वाचायला ते फार मजेशीर आहे कारण त्यात कुणी काय करायचं हे अगदी बारीक लिहिलंय. ऑकलंडकडच्या गावकऱ्यांनी बिशपच्या मोठ्या शिकारीच्या वेळी जंगलात त्याच्यासाठी ६० फूट लांब आणि १६ फूट रुंद हॉल उभारायचा, सोबत कोठार, खोली आणि संडास, शिवाय ४० फुटी चॅपल. बदल्यात दोन शिलिंग, सगळ्यांना मिळून. मला विचाराल तर बिशपची सत्ता म्हणजे काय हे त्या संडासाच्या नोंदीतून जितकं कळतं तितकं माइटर-मुकुटाच्या वाक्यातून नाही कळत. पॅलेस ग्रीनवरच पंधराव्या शतकातली एक्सचेकरची इमारत उभी आहे, बिशपच्या हिशोबाची कचेरी, आणि आम्ही तिच्यासमोरून थांबायचं सोडा, बोलत बोलत निघून गेलो.

कॅथीड्रलमध्ये ग्रुपला अर्धा-पाऊण तास मिळतो. त्याबद्दल काय लिहू, १०९३ ला पायाभरणी आणि चाळीसेक वर्षांत मुख्य काम पूर्ण, खांब एवढे जाडजूड आणि त्यावर झिगझॅग आणि चौकटीची खोदकामं, वर दगडी फासळ्यांचं छत, मान दुखेपर्यंत बघत बसावं. जमिनीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे, पूर्वी बायकांनी त्याच्यापुढे यायचं नाही म्हणून. दारावर सिंहाच्या तोंडासारखं कडं आहे, ते धरलं की पळून आलेल्या गुन्हेगाराला ३७ दिवस आसरा मिळायचा (दारावरचं कॉपी आहे, अस्सल आत म्युझियममध्ये). पण प्रिन्स-बिशप बघायचा असेल तर क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंद बसतो त्या भागात, बिशप टॉमस हॅटफील्डची जागा बघा. त्याने स्वतःच्या थडग्याच्या वरच बिशपचं आसन बांधवलं, जिना चढून जावं लागतं इतकं उंच, आणि दंतकथा अशी की आधी रोमला माणसं पाठवून पोपचं आसन मोजून आणलं आणि मग त्याच्याहून उंच केलं. म्हणजे आता जो बिशप तिथे बसतो तो हॅटफील्डच्या डोक्यावर बसतो. ग्रुपमधल्या एका ताईंनी विचारलं की मेल्यावरही खुर्ची सोडवली नाही का याला, त्यावर गाइड पहिल्यांदा स्वतः हसले.

यानंतर टूर घसरते. नदीकडे उतरताना झपाटलेला जिना, रडणारी बाई, डोकं नसलेला कोणीतरी, असं वीसेक मिनिटं चालतं. अहो, खरी भीषण गोष्ट इथेच घडलीय ना! १६५० ला स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईनंतर इंग्लिश सेनापती क्रॉमवेलने सुमारे ३००० स्कॉटिश कैदी याच कॅथीड्रलमध्ये आणि कॅसलमध्ये कोंडले, त्यातले १७०० च्या आसपास मेले, आणि त्यातल्या काहींची हाडं २०१३ ला पॅलेस ग्रीनजवळ बांधकाम करताना सापडली. त्याबद्दल दोन वाक्यं. रडणाऱ्या बाईबद्दल दहा मिनिटं.

आणि शेवट तर घाईघाईत उरकला. हेन्री आठव्याने १५३६ ला कायदा करून बिशपच्या नावाने निघणारे हुकूम राजाच्या नावाने सुरू केले, खरी सत्ता तिथेच गेली, हे सांगितलं. पण मधली तीनशे वर्षं गायब. १५६९ ला उत्तरेतल्या सरदारांनी एलिझाबेथविरुद्ध बंड केलं, तेव्हा जुन्या हक्काप्रमाणे डरहॅममधल्या बंडखोरांच्या जमिनी बिशपकडे यायला हव्या होत्या, बिशप पिल्किंग्टनने मागितल्याही, आणि राणीने सरळ स्वतःकडे ठेवल्या. दुसरी गोष्ट, बिशपच इथला मालक म्हणून डरहॅमला पार्लमेंटमध्ये सीटच नव्हत्या. कर मात्र लागायचे. काउंटीने पहिले खासदार निवडले ते १६७५ ला! हे सगळं सोडून आपण थेट १८३६ वर उडी मारतो, शेवटचा प्रिन्स-बिशप व्हॅन मिल्डर्ट वारला आणि उरलेले अधिकार कायद्याने राजाकडे गेले. कॅसल त्याआधीच त्याने नव्या युनिव्हर्सिटीसाठी द्यायचं ठरवलेलं, त्यामुळे आज तिथे विद्यार्थी राहतात आणि बेकच्या काळातल्या ग्रेट हॉलमध्ये बसून जेवतात.

म्हणूनच कॅसलची आतली टूर वेगळी करा. ती युनिव्हर्सिटीची, गाइडसोबतच आत सोडतात, आणि कॉलेजच्या कार्यक्रमांमुळे काही वेळा बंद असते तर आधी बघून जा. तिथलं नॉर्मन चॅपल साधारण १०७८ चं, बुटकं, अंधारं, खांबांच्या दगडातच लाटांसारख्या रंगीत रेघा, आणि खांबांच्या माथ्यावर शिकारीची चित्रं आणि दोन शेपट्यांची एक जलपरी. नंतर बिशप कोझिनचा १६६२ चा काळा लाकडी जिना, चार मजले, इतका वाकलाय की चढताना आपणच तिरके झाल्यासारखं वाटतं. खाली टेकू दिलेत, ते नंतरचे.

दुसरा दिवस हातात असेल तर बिशप ऑकलंडला जा. २०१२ पर्यंत बिशपांचं राहायचं घर तिकडे होतं, ऑकलंड कॅसल, आणि जेवणाच्या मोठ्या खोलीत स्पॅनिश चित्रकार सुर्बारानची बायबलमधल्या जेकब आणि त्याच्या बारा मुलांची चित्रं. १७५६ ला बिशप ट्रेवरने १२४ पाउंडाला घेतली, एक मुलगा, बेंजामिन, दुसऱ्याने लिलावात जास्त बोली लावून नेला म्हणून त्याची कॉपी काढून घेतली. ट्रेवर हा ज्यूंना नागरिकत्व द्यायच्या १७५३ च्या कायद्याच्या बाजूने होता, आणि त्या कायद्यावर इतका गदारोळ झाला की तो लगेच मागे घ्यावा लागला. आणि त्यानंतर हा माणूस ज्यूंच्या बारा वंशांच्या मूळपुरुषांची चित्रं घेऊन येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांच्या समोर जेवायला बसवतो. वॉकिंग टूरमध्ये याचा उल्लेखही नाही, एक स्टार तिथे कापला.

अर्धा स्टार चढावरच्या दगडांसाठी. पाऊस असेल तर फार घसरतं, गुडघे दुखत असतील तर कंपनीला आधी फोन करून सांगा, आम्हाला बुकिंगच्या वेळी कुणी काही बोललं नाही आणि ग्रुपमधले एक आजोबा अर्ध्या वाटेत थांबले. गाइडनी मात्र त्यांना सोडून पुढे नेलं नाही, सगळ्यांना थांबवलं आणि तेवढ्या वेळात न्यूकॅसलला टाइनवर असलेल्या जुन्या पुलाची गोष्ट सांगितली. त्याचा दक्षिणेकडचा एक तृतीयांश भाग बिशपचा होता, बाकी न्यूकॅसलचा, आणि १७७१ च्या पुरात पूल वाहून गेला तेव्हा दोघांनी आपापला तुकडा बांधायचा अशी वाटणी झाली. पूर्ण टूरमधलं माझं सगळ्यात आवडतं पाच मिनिटांचं निवेदन ते, आणि ते त्यांच्या ठरलेल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतंच.