पॉपर टूर्नामेंटला एल्फ न्यायचे की गॉब्लिन?

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातला पॉपर फॉरमॅट म्हणजे सगळी कार्डं कॉमन, म्हणजे सहज मिळणारी, त्यामुळे दुकानातल्या स्पर्धेत क्रीचर डेक (एल्फ, गॉब्लिनसारख्या लढणाऱ्या जीवांच्या कार्डांचा संच) घेऊन उतरायचं तर हाच फॉरमॅट खिशाला परवडतो. आता एल्फ की गॉब्लिन?

मला एल्फ जाम आवडतात. प्रीस्ट ऑफ टायटॅनिया हे कार्ड टॅप केलं, म्हणजे आडवं करून वापरलं, की टेबलावर जेवढे एल्फ तेवढा हिरवा माना (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा), समोरच्याचे एल्फसुद्धा मोजायचे बरं का, आणि मग क्वायरियन रेंजर या एल्फने एक फॉरेस्ट (हिरवा माना देणारं जमिनीचं कार्ड) हातात परत घेऊन तीच प्रीस्ट अनटॅप, म्हणजे परत उभी करायची, परत माना, परत एल्फ, असं चालूच राहतं. पण हे सगळं डोक्यात मोजत बसावं लागतं आणि राऊंड साधारण 50 मिनिटांचा, सवय नसेल तर तिसरा गेम अर्धवट राहून मॅच ड्रॉ होते.

गॉब्लिन सरळ आहेत. बुशव्हॅकर हा गॉब्लिन किकर (जादा माना) भरून टाकला की सगळी पलटण लगेच धावून जाते, नाहीतर एका गॉब्लिनचा बळी देऊन गॉब्लिन ग्रेनेड या कार्डाने थेट 5 डॅमेज. हात रिकामा झाला की मात्र दम संपतो.

इलेक्ट्रिकरी, क्रिप्ट रॅट्स ही एकदम बऱ्याच क्रीचरना मारणारी कार्डं दोघांनाही झोपवतात, पण तोवर गॉब्लिनने समोरच्याचं बरंचसं लाइफ खाल्लेलं असतं. पहिलीच स्पर्धा असेल तर गॉब्लिनच घ्या.