रेंजफाइंडरच्या ३५ आणि ५० मिमी लेन्ससाठी हूड: तीन पद्धतींचे परीक्षण

हूड म्हणजे बाजूचा प्रकाश अडवण्यासाठी लेन्सच्या तोंडावर बसवायचे कडे. एसएलआर कॅमेऱ्यासाठी तो निवडणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे आपण लेन्समधूनच पाहतो आणि हूडची कड चित्रात शिरली तर ती सहसा डोळ्यांसमोरच येते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यामध्ये पाहण्याची खिडकी आणि लेन्स यांच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे प्रत्येक हूडला दोन कसोट्या लावाव्या लागतात: तो बाजूचा तिरपा प्रकाश किती अडवतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग स्वतःच झाकतो. १९५४ च्या एम३ पासून आजपर्यंत लायका कंपनीच्या एम मालिकेतील रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत ही खिडकी, कॅमेरा डोळ्याला लावलेला असताना, वरच्या डाव्या कोपऱ्यात येते आणि लेन्स तिच्या उजवीकडे खाली असते. त्यामुळे हूड दिसतो तो नेहमी दृश्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. फोकस जवळचा असेल तर ही अडचण आणखी वाढते. लेन्स पुढे सरकते, तिच्याबरोबर हूडही पुढे येतो, आणि पॅरलॅक्सची (खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने दृश्यात पडणाऱ्या फरकाची) दुरुस्ती म्हणून खिडकीतील, चित्राची हद्द दाखवणारी उजळ चौकट नेमकी त्याच कोपऱ्याकडे सरकते. अगदी जवळ बसलेल्या माणसाचे चित्र घेताना त्याचा गुडघा किंवा हात चौकटीत कोठे तुटतो आहे, हे त्या वेळी दिसत नाही.

म्हणून रेंजफाइंडरचा हूड आखूड असावा, त्याच्या भिंतीला आरपार खाचा असाव्यात, म्हणजे त्यांतून पलीकडचे दृश्य दिसते, आणि तो काढायला-घालायला सोपा असावा, असे माझे ठाम मत आहे. खोल हूड अधिक सावली देतो हे खरे. पण दृश्याचा कोपरा झाकला गेल्यामुळे रचनाच फसत असेल, तर त्या जास्तीच्या सावलीचा उपयोग नाही.

या कसोट्यांवर सर्वांत उजवा ठरतो तो लायकाचा १२५८५ क्रमांकाचा खटक्याचा हूड. ज्या जुन्या ३५ आणि ५० मिमी लेन्सच्या तोंडाला आतून ३९ मिमीचे आटे (स्क्रूसारखे पेच) आणि बाहेरून ४२ मिमीची कड असते, त्यांच्यासाठी तो बनवलेला आहे. दोन्ही बाजूंचे खटके चिमटीत दाबायचे, हूड कडेवर टेकवायचा आणि बोटे सोडायची, की तो घट्ट बसतो. आतले आटे मोकळेच राहत असल्यामुळे फिल्टर लावला तरी हूडची जागा बदलत नाही, आणि ही गोष्ट जितकी किरकोळ वाटते तितकी ती नाही. काम संपल्यावर हाच हूड उलटा करून लेन्सवर बसवता येतो, त्यामुळे पिशवीत जागाही कमी लागते. याच घराण्यातला जुना इरूआ हूडही खटक्याचा आणि उलटा बसणारा आहे. तो सुस्थितीत मिळाला तर घ्यायला हरकत नाही. वापरलेला हूड घेताना मात्र दोन्ही खटके सारख्याच जोराने परत येतात का, हे दाबून पाहावे, कारण एका बाजूची स्प्रिंग थकली असेल तर हूड किंचित कलतो आणि चित्राचा एकच कोपरा काळवंडतो.

दुसरी पद्धत बेयोनेटची, म्हणजे थोडे फिरवून अडकवण्याची. त्साइस कंपनीच्या, लायका एम कॅमेऱ्यांना बसणाऱ्या झेडएम मालिकेतील ३५ मिमी बायोगॉन आणि ५० मिमी प्लानार या दोन्ही एफ/२ लेन्सना एकच हूड चालतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. एवढ्या किमतीच्या लेन्सबरोबर तो पेटीतच यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. वस्तू म्हणून तो उत्तम आहे: अंग धातूचे, खाचा मोठ्या, आणि थोडेसे फिरवले की जागच्या जागी बसतो. येथेही फिल्टरचे ४३ मिमीचे आटे मोकळे राहतात. दोन लेन्सना मिळून एकच हूड असला की तो रुंद कोनाच्या लेन्सच्या मापानेच घडवावा लागतो. ३५ मिमीचा कर्णावरचा दृष्टिकोन सुमारे ६३ अंश असतो आणि ५० मिमीचा ४७ अंश. साहजिकच ५० मिमीच्या लेन्सला त्या हूडची सावली थोडी कमी पडते. वर म्हटलेल्या कारणासाठी मी हा तोटा आनंदाने स्वीकारतो.

तिसरी पद्धत म्हणजे आट्यांचा खाचांचा हूड, जो ऑनलाइन किंवा मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी काही शे रुपयांत मिळतो. दिसायला तो पहिल्या दोहोंच्या जवळ जातो, मात्र नजर आतल्या बाजूला टाकावी. मी पाहिलेल्या अशा अनेक हुडांच्या आतला काळा रंग चकचकीत होता, आणि चकचकीत भिंतीचा हूड बाजूचा प्रकाश अडवण्याऐवजी परावर्तित करून लेन्सकडेच पाठवू शकतो. आत काळा मखमली चिकट कागद लावला तर हा दोष बराच आवरतो. दुसरी अडचण अशी की फिल्टरवर हूड चढवला की फिल्टरच्या जाडीइतका तो पुढे जातो, आणि ३५ मिमीवर कोपरे कापले जाण्यास तेवढेही पुरते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमचे आटे घट्ट अडकतातही. पितळी कडीच्या फिल्टरवर हा त्रास कमी होतो. अडकलाच तर जोराने चिमटू नये, कारण दाबाने कडी लंबगोल होते आणि पकड आणखी आवळते. भोवती रुंद रबरबँड गुंडाळून तळहाताने सर्व बाजूंनी सारखा जोर देत फिरवावे.

लायकाच्या १९९४ पासूनच्या ५० मिमी सुमिक्रॉन लेन्सला हूड अंगचाच असतो. वेगळी खरेदी वाचते. पण तो आखूड आहे, पुढे ओढल्यावर अडकून राहत नाही आणि बोट लागले की मागे जातो.

मापाच्या बाबतीत अंदाजाने खरेदी करू नये. कॅननच्या स्क्रू माउंटच्या (कॅमेऱ्याला पेचाने बसणाऱ्या) ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे आटे ४० मिमीचे आहेत आणि सोव्हिएत ज्युपिटर-८ चे ४०.५ मिमीचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि एकाचा हूड दुसऱ्यावर बसत नाही. लायका सीएलबरोबर आलेल्या ४० मिमी सुमिक्रॉन-सीची रचना तर निराळीच आहे: तिच्यात सिरीज ५.५ या मापाचा बिनआट्याचा फिल्टर असतो आणि रबरी हूड त्याला जागेवर धरून ठेवतो, म्हणून त्या लेन्सवर नेहमीचा ३९ मिमीचा हूड जबरदस्तीने फिरवू नये. लायकाच्या जुन्या ५० मिमी एफ/३.५ एलमार लेन्सचे तोंड फोकसबरोबर फिरते, तेव्हा तिला चौकोनी हूड निरुपयोगी आहे. हूडची गरज मात्र याच लेन्सला सर्वांत अधिक असते. काचेवर परावर्तनरोधी थर देण्याची युक्ती त्साइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली, पण युद्धापूर्वीच्या एलमारवर असा थर नाही, आणि हवेला भिडणाऱ्या तिच्या सहाही पृष्ठभागांवरून साधारण चार-चार टक्के प्रकाश परत फिरतो. भर दुपारी अशी लेन्स हूडशिवाय वापरली की सावल्यांवर राखाडी पडदा चढतो. सूर्य चौकटीतच असेल तर कोणताही हूड कामाचा नाही, हेही लक्षात ठेवावे.

आट्यांचा हूड बसवताना आधी तो हलक्या हाताने उलट दिशेने फिरवावा. आट्यांची तोंडे जुळली की बोटांना बारीक ठेच जाणवते, तेथून सुलट फिरवले तर आटे तिरके लागत नाहीत. नंतर कोपरे तपासावेत. डिजिटल कॅमेऱ्यावर हे काम सोपे आहे: फोकस अनंतावर ठेवून, एकदा पूर्ण उघड्या ॲपर्चरला (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राला) आणि एकदा ते एफ/११ इतके लहान करून, पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. फिल्मच्या एम कॅमेऱ्यात रोल नसताना मागचे झाकण उघडावे, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते) उघडे धरावे, ॲपर्चर लहान करावे आणि फिल्मच्या चौकटीच्या अगदी कोपऱ्यातून लेन्समधून बाहेर पाहावे. ॲपर्चरचे छिद्र पूर्ण दिसले तर हूड योग्य आहे. त्यावर काळी कड चढलेली दिसली तर तो त्या लेन्सचा नव्हे. चारही कोपरे पाहावेत, आणि फिल्टर नेहमी लावणार असाल तर तो लावूनच पाहावे.

हूड घेतानाच त्याच्यावर किंवा त्याच्या आत बसणारे झाकणही घ्यावे. फिल्मच्या एम कॅमेऱ्यांचे शटर कापडी पडद्याचे असते आणि लेन्स सूर्याकडे रोखलेली राहिली तर त्याला भोक पडू शकते. हूड असला म्हणून तो धोका टळत नाही. उलट खिडकीतून पाहताना झाकण लावलेले आहे हे कळत नाही, तेव्हा हूडच्या तोंडावर बसणारे, समोरून ठळक दिसणारे झाकण मी अधिक पसंत करतो. जुना हूड झाकणासह मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजावेत, कारण त्या मापाचे झाकण सुटे शोधणे हूड शोधण्याहून अवघड जाते.