उबंटूवर आर, तीन लॉगिन आणि एक आगाऊ प्रश्न

एरर आली असती तर बरं झालं असतं. लाल अक्षरं दिसली की माणूस निदान थांबतो. इथं चार ओळींचा तक्ता यायचा, तर जेवढ्या बायका सर्व्हेत तेवढ्या ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत हिमोग्लोबिनची सरासरी तीच. "सर, सगळ्या गटांचं एकच येऊलंय की ओ," असं आमच्या खानापूरच्या मुलीनं सांगितलं. मी माझ्या लॉगिननं आरमधली (आर म्हणजे स्टॅटिस्टिक्सचं फुकट सॉफ्टवेअर) तीच स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची यादी, चालवली. चार गट, चार ओळी, चार वेगळ्या सरासऱ्या. मशीन एक, फाइल एक, आर एक, आणि उत्तरं दोन.

उबंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर आर वापरण्याचा हा रिव्ह्यू त्या दिवसापासून लिहायचा होता. तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी दोन स्टार दिले असते. आता थोडे वाढवतोय, का ते पुढे येईलच.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे माझी कटकट कुठून येते ते कळेल. बेळगावात मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद अशी कॉलेजं भरपूर, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना थिसिसचं स्टॅटिस्टिक्स म्हटलं की घाम फुटतो. ते आकडेकाम आम्ही करून देतो. शिवाय निपाणी-चिकोडीकडचे छोटे सर्व्हे येतात, फॉर्म अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत. जुना रिफर्बिश्ड डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, उबंटू २२.०४ आणि आर. पेन ड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं वापरायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं, आणि लायसन्सला पैसे घालायचे नाहीत हे त्याच्याही आधी ठरलेलं. वापरणारे आम्ही तिघं: मी, ही मुलगी आणि निपाणीचा एक मुलगा. तिघांना तीन लॉगिन, सुडोचा, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा, अधिकार फक्त माझ्याकडे. कागदावर झकास व्यवस्था.

आता तो प्रश्न. साध्या युजरनं आरमध्ये एखादं पॅकेज (आरला जास्तीचं काम शिकवणारी जोडणी) टाकायला घेतलं की आर बघतो, यूएसआर-लोकलखालच्या साइट-लायब्ररी या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहिता येतंय का. येत नसलं की विचारतो: त्याऐवजी तुमची वैयक्तिक लायब्ररी वापरू का? येस, नो की कॅन्सल. ज्याला तासाभरात काम संपवून बस गाठायची आहे तो 'येस'शिवाय दुसरं काय दाबणार? दाबलं की त्याच्या होम फोल्डरमध्ये आर नावाचा फोल्डर, त्यात आवृत्तीच्या आकड्याचा आणखी एक, आणि त्यात पॅकेजची नवी कोरी प्रत. असं करत तिघांच्या घरी तीन संसार थाटले गेले. तक्त्यांचं डीप्लायर तीन, आलेखांचं जीजीप्लॉट तीन, आणि त्यांच्या मागून येणारी सगळी पिलावळ तीन-तीन. आधीच लहान असलेली एसएसडी भरत का चाललीय, याचंही उत्तर तिथंच सापडलं.

जागेचं एक वेळ सोडा. खरी गोम क्रमात आहे. पॅकेज लोड करताना आर आधी युजरच्या घरात डोकावतो, मग यूएसआर-लोकलमध्ये, मग ॲप्टनं (उबंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) टाकलेल्या जागी. म्हणजे मी सामायिक जागी कितीही नवी आवृत्ती आणून ठेवली, तरी घरात जुनी पडलेली असेल तर जुनीच चालणार. आर त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. डीप्लायरच्या १.१.० आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, समराइज या सारांश काढणाऱ्या कमांडला गट सांगायची सोपी सोय आली: डॉट-बाय. स्क्रिप्टमध्ये तेच वापरलेलं, मुलीच्या घरातली प्रत मात्र त्याच्या आधीची. त्या प्रतीला डॉट-बाय म्हणजे काय ते ठाऊकच नाही. प्रतीनं ते नव्या कॉलमचं नाव समजून घेतलं, गट न पाडता सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली आणि प्रत्येक बाईच्या ओळीत तीच लिहून टाकली. नियमानं बघितलं तर सगळं बरोबर, म्हणून एरर नाही. तक्ता लांबलचक झाला म्हणून तिच्या लक्षात तरी आलं. पुढच्या ओळीत कुणी डुप्लिकेट काढून टाकणारी कमांड लिहिली असती, तर चार ओळींचा सुबक तक्ता थेट गाइडच्या टेबलावर गेला असता.

म्हणून माझी तक्रार त्या एका प्रश्नावर अडून बसलीय आणि ती सोडायला मी तयार नाही. हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. विद्यापीठाच्या मोठ्या सर्व्हरवर ठीक आहे. तिथला ॲडमिन कुठल्या मजल्यावर बसतो तेही पोरांना माहीत नसतं, त्यांना स्वतःच्या घरात सोय हवीच. पण तीन माणसांच्या ऑफिसात? बाजूच्या खुर्चीत मालक बसलाय की!

उपाय उबंटूतच होता. डेबियन (उबंटू ज्यावर उभा आहे तो) आणि उबंटूवर आर बसवला की तो साइट-लायब्ररी फोल्डर रूट या मुख्य युजरच्या मालकीचा आणि स्टाफ नावाच्या ग्रुपचा असतो, परवानगी २७७५. ग्रुपातल्या कुणालाही तिथं लिहिता येतं, आणि आत जे तयार होईल तेही त्याच ग्रुपचं राहतं. फक्त या स्टाफमध्ये मुळात कुणीच नसतं. अख्खी यंत्रणा तयार, आणि माणूस एकही नेमलेला नाही! युजरमॉड कमांडनं माणसाला त्यात घातलं, लॉगआउट करून परत लॉगिन केलं की प्रश्न पुन्हा येत नाही. ते लॉगआउट टाळून चालत नाही. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडली तर काही बदलत नाही. आणि युजरमॉडमध्ये मोठ्या जीच्या जोडीला लहान ए द्याच. तो राहिला तर माणूस स्टाफमध्ये जातो आणि बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून, सुडोतूनसुद्धा, बाहेर पडतो.

दोघांनाही स्टाफमध्ये घालायचा मोह झाला होता, घातलं एकट्या मुलीला. सामायिक लायब्ररीत जो लिहू शकतो, त्याचा कोड उद्या माझ्या लॉगिनखालीही चालतो. मुलावर अविश्वास नाही, पण सापडलेली प्रत्येक कमांड तो सुडो लावून पेस्ट करू बघतो, आणि सुडोचा पासवर्ड मागितल्यावर माझ्याकडे असा बघतो की जणू मीच अडवणूक करतोय. घरांतले जुने फोल्डर मी काढून टाकले. ती दुपार सत्कारणी लागली.

पेशंटच्या डेटाबाबत मात्र उबंटूचं कौतुकच. २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीनं बनतं, म्हणजे एकाच्या घरात दुसरा डोकावू शकत नाही. सामायिक फाइलींसाठी वेगळा ग्रुप केला, फोल्डरला २७७० परवानगी दिली, म्हणजे ग्रुपाबाहेरच्याला दार बंद. तरी मुलाच्या काही फाइली मुलीला उघडेनात. तो कट-पेस्ट करत होता, ती कॉपी-पेस्ट. कट-पेस्टनं हलवलेली फाइल तिचा जुना ग्रुप घेऊनच येते. कॉपी केली तर नवी फाइल बनते आणि फोल्डरचा ग्रुप लागतो. याला दोष कुणाचा म्हणायचं कोण जाणे, पण आता भिंतीवर कागद चिकटवलाय.

मधल्या काळातला दुसरा वैताग कंपाइलचा. क्रॅनवर (आरच्या पॅकेजांचं भांडार) विंडोज आणि मॅकसाठी तयार पॅकेजं मिळतात, आम्हा उबंटूसारख्या लिनक्सवाल्यांना सोर्स, म्हणजे कच्चा कोड. म्हणजे प्रत्येक वेळी मशीनवर शिजवायचं. मध्येच कळतं की लिबकर्लची डेव्ह फाइल नाही, ती टाकली की लिबएक्सएमएल नाही. नकाशांचं एसएफ पॅकेज घ्या, तर जीडॅल, जीऑस, प्रोज आणि युडीयुनिट्स अशी सगळी वऱ्हाडी मंडळी आधी बोलवावी लागतात. त्यात पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएसची बॅटरी नावापुरती. पॅकेज बसत असताना मशीन बंद पडलं की लायब्ररीत शून्य-शून्य-लॉक नावाचा फोल्डर मागे राहतो आणि पुढच्या वेळी आर हटून बसतो: फोल्डर लॉक करता येत नाही. घाबरायचं कारण नाही. दुसरं कुणी त्याच वेळी पॅकेज टाकत नाहीये एवढं बघायचं, तो फोल्डर काढायचा आणि पुन्हा सुरू करायचं.

इथवर दोन स्टार. मग आरटूयू बसवलं आणि मत बदललं. डेबियनमधला आर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या डर्क एडेलब्यूटेल यांचं हे काम: क्रॅनची पॅकेजं उबंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्त्यांसाठी आधीच कंपाइल करून ॲप्टच्या रेपोमध्ये, म्हणजे भांडारात, ठेवलेली. एलएमईफोर हे पॅकेज हवं तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे आर-क्रॅन-एलएमईफोर. लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररी ॲप्ट स्वतः आणतो. पूर्वी एसएफ टाकायला लावून मी जेवायला जायचो. आता चहाचा कप टेबलावर येईपर्यंत बसलेलं असतं. यातलं सगळं ॲप्टच्या जागी जातं, मालकी रूटची, अपडेट एका कमांडनं तिघांचं एकदम. त्यामुळे मुलीला स्टाफमधूनही काढलं. तिला जरा लागलं असावं. दुसऱ्या दिवशी पॅकेज हवंय म्हणून तिनं कागदावर रीतसर अर्ज लिहून दिला, खाली सही, तारीख.

उणीव एवढीच की तो प्रश्न अजून येतो. सवयीनं कुणी आरमध्येच इन्स्टॉल मारलं की येस-नो-कॅन्सल हजर. त्यावर 'नो' दाबून मला हाक मारायची, हा आता ऑफिसचा नियम.

चिकोडीकडे एका कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मेव्हण्यांचा मध्यंतरी फोन आला. त्यांच्या विभागानं उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर उडी मारली आणि सगळ्यांची पॅकेजं 'गायब' झाली. गायब कसली! २२.०४ वरचा आर ४.१.२, २४.०४ वरचा ४.३.३. घरातला फोल्डर आवृत्तीच्या नावाचा असतो, म्हणून नवा आर ४.३ नावाच्या रिकाम्या फोल्डरकडे बघत बसला होता आणि जुना ४.१ शेजारीच भरलेला. तो फोल्डर उचलून नव्या नावानं ठेवू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं, कंपाइल केलेली पॅकेजं दगा देतात. यादी काढा आणि नव्यानं टाका. त्यांनाही आरटूयूच सांगितलं.

एकट्यानं, एकाच लॉगिननं वापरणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही. त्यानं येस दाबून सुखानं राहावं. आणि टी-टेस्ट, काय-स्क्वेअर एवढंच करायचं असेल तर फ्लॅटपॅकनं (ॲप बसवायची वेगळी पद्धत) जमोवी हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर घ्या. तो स्वतःचा आर पोटात घेऊनच येतो, सिस्टिममधल्या भांडणात पडत नाही. मराठी किंवा कन्नड लेबलांचा आलेख पीडीएफमध्ये काढताना अक्षरांऐवजी ठिपके आले, तर आरच्या नेहमीच्या पीडीएफ कमांडऐवजी कैरो-पीडीएफ वापरा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर निपाणीच्या सर्व्हेचे आलेख हातानं लेबलं चिकटवून द्यावे लागले नसते.

स्टार साडेतीन. अर्धा त्या प्रश्नापायी कापला, एक कंपाइलच्या दिवसांपायी. आमचं मशीन अजून २२.०४ वरच आहे. मोठं अपग्रेड करताना उबंटू बाहेरचे रेपो बंद करून टाकतो, म्हणजे आरटूयू पुन्हा नव्यानं जोडावं लागणार, आणि थिसिस सबमिशनचा हंगाम उलटेपर्यंत मी त्या बटणाला हात लावणार नाही.