हाड बघायचं की दात फोडायचा?

जुन्या सांगाड्यात रोग शोधायच्या वाटा दोन: हाडावरच्या खुणा वाचणं, नाहीतर दातातून जंतूचा डीएनए काढणं. माझा कल पहिलीकडं. भिंग आणि जाणती नजर पुरते, हाड शाबूत राहतं. राजस्थानातल्या बालाथलचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा घ्या. नाकाभोवतीचं हाड झिजलेलं, त्यावरून कुष्ठरोग ओळखला गेला. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. क्षयात मणके ढासळून पाठीला पोक येतं, तेही दिसतं.

पण प्लेग? आमच्या बेळगावात थोरली माणसं अजून ‘गाठीची साथ’ म्हणतात. गाठ आली की चार-आठ दिवसांत माणूस संपायचा, हाडावर खूण उमटायला सवडच कुठली! तिथं डीएनएच हवा. दातात रक्तवाहिन्या शिरतात, त्यामुळं रक्तातला जंतू आत अडकून राहतो. लंडनच्या १३४८-५० च्या दफनभूमीतल्या दातांवरूनच २०११ मध्ये प्लेगच्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, जुळवला.

अडचण आपल्या हवेची. उष्णता आणि ओल डीएनएचे तुकडे पाडतात. आमच्याच जिल्ह्यात खानापूरकडच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत आणि त्या पावसात तर हाडच विरघळायचं. अथणीकडं कोरड्यात थोडी आशा. शिवाय पोखरलेला दात परत मिळत नाही. म्हणून आधी भिंग, ड्रिल मागून.