ट्रॅक्टरच्या घरगुती केबिनला काच की पॉलिकार्बोनेट?

छोट्या ट्रॅक्टरला घरीच बंद केबिन बांधायची तर सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, यावर फारसं दुमत नसतं. गाडी अडते ती खिडक्यांपाशी: काच लावायची की पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक, चिवट प्लास्टिक?

६ मिलिमीटर जाडीची १ चौरस मीटर काच साधारण १५ किलो भरते, तेवढंच पॉलिकार्बोनेट ७ किलोच्या आसपास. हे ओझं उंचावर असतं, त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर कलंडायचा धोका वाढतो. शिवाय पॉलिकार्बोनेट जिगसॉने घरीच कापता येतं आणि फांदी आपटली तरी सहसा फुटत नाही. टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली) एकदा तयार झाली की कापता येत नाही, मापं आधीच अचूक द्यावी लागतात.

मग सगळीकडे पॉलिकार्बोनेटच का नको? वायपरमुळे. धुळीवरून तो फिरत राहिला की बारीक ओरखड्यांची कमान उमटते. मावळतीचं ऊन समोरून आलं की तीच कमान पांढरी चमकते आणि पुढचं काही दिसेनासं होतं. म्हणून समोर लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली), बाजूंना आणि मागे पॉलिकार्बोनेट, हे माझं ठाम मत.

पॉलिकार्बोनेट उन्हात वाढतंही बरंच: तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर मीटरमागे जवळजवळ ३ मिलिमीटर. भोकं बोल्टपेक्षा मोठी पाडा, रबरी वॉशर घाला, करकचून आवळू नका. पुसायला पेट्रोल किंवा थिनर नको, तडे जातात.

आणि काहीही बसवा, पण ट्रॅक्टर उलटल्यावर जीव वाचवणाऱ्या मूळ चौकटीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. क्लॅम्पनेच जोडा.